समासातला माणूस

डोंबिवली स्टेशनच्या गर्दीत हा माणूस ओळखायला सोपा. बाकीचे लोक इंडिकेटरवर गाडी बघतात, हा इंडिकेटरवरची अक्षरं बघतो. दिव्यांच्या ठिपक्यांत 'ठाणे'ची मात्रा शिरोरेषेपासून सुटलेली दिसली की त्याचा चेहरा उतरतो आणि तेवढ्यात गाडी निघून जाते. पुढची गाडी येईपर्यंत तो स्टेशनच्या पाटीखाली उभा राहून 'डोंबिवली'तला ल तपासतो. मराठी ल दोन पाकळ्यांचा, हिंदी ल दांडीचा. राज्य सरकारने २००९ साली वर्णमालेचा निर्णय काढला आणि पाकळीचा ल, देठाचा श हे मराठीचे म्हणून सांगितले, हे त्याला तारखेसकट पाठ आहे. रेल्वे केंद्राची, म्हणून ती आपल्या ल ला दांडी घालते, अशी त्याची तक्रार. सकाळी आठ वाजता ती ऐकून घ्यायला फलाटावर कुणाला वेळ नसतो. पण गाडीत चौथ्या सीटवर टेकलेल्या माणसाला पळून जाता येत नाही. मी चौथ्या सीटवर टेकतो.

त्याचं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण हा एकटा नाही. ठाकुर्लीला एक आहे, कल्याणला खडकपाड्यात एक आहे, ठाण्यात नौपाड्यात तर दोन आहेत आणि त्या दोघांचं बोलणं बंद आहे, कारण एकाने दुसऱ्याच्या अंकाला 'सुबक' म्हटलं होतं. नोकरी बहुधा हिशेबखात्यातली. दिवसभर रकाने सरळ ठेवायचा पगार घ्यायचा आणि रात्री जेवणं झाल्यावर पदरमोड करून ते वाकडे करायचे, असा दिनक्रम. कारण हा माणूस अनियतकालिक काढतो. कविता, कथा, एखादी न कळणारी मुलाखत, सगळं त्यात असतं. पण ते काय असतं यापेक्षा पानावर कुठे असतं, याची त्याला काळजी.

मागे एका अंकाचं मुखपृष्ठ कोरं पांढरं होतं आणि उजव्या कोपऱ्यात वर एक रफार. नुसता रफार, खाली अक्षर नाही. तेच अंकाचं नाव. म्हणायचं कसं, असं मी विचारलं, तर म्हणाला, "म्हणायचं कशाला? बघायचं." ठाण्यातल्या एका वाचनालयाला तो हा अंक भेट द्यायला गेला. नोंदवहीपाशी बसलेल्या बाईंनी 'नाव' या रकान्यात काय लिहू, असं साधं विचारलं. याने त्यांचं पेन घेऊन रकान्यात नीट रफार काढून दिला. दुसऱ्या दिवशी पाळीवर आलेल्या लिपिकाला तो शाईचा डाग वाटला आणि त्याने त्यावर व्हाइटनर फिरवला. आता तो अंक वाचनालयात आहे, पण वाचनालयाच्या दप्तरी नाही. याला त्याचं वाईट वाटलं असेल असं समजू नका. 'दप्तराबाहेरचं साहित्य' हा शब्दप्रयोग तो तेव्हापासून भाषणात वापरतो.

कुळाचा अभिमान त्याला भरपूर आहे, आणि कुळ खरोखर थोर आहे. १९५४ साली दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ या पोरसवदा कवींनी मुंबईत 'शब्द' काढलं, ते सायक्लोस्टाइल करून. पुढे साठच्या दशकात अशोक शहाण्यांचं 'असो', नेमाड्यांचं 'वाचा', चंद्रकांत खोतांचं 'अबकडइ'. नावंसुद्धा अशी की प्रस्थापित संपादकाने चष्मा काढून पुसावा. राजा ढाल्यांनी 'सत्यकथा' या प्रस्थापित मासिकावर 'सत्यकथेची सत्यकथा' लिहिली आणि खटाववाडीत, ते काढणाऱ्या मौजेच्या दाराशी, 'सत्यकथे'चा अंक जाळला गेला. ही हकीकत तो सांगतो तेव्हा मूठ वळते, आवाज चढतो. मग डबा जरा रिकामा झाला की इकडेतिकडे बघून हळूच म्हणतो, "पण छपाई काय नेटकी होती रे 'सत्यकथे'ची! जाळायला मन कसं झालं असेल?"

या पूर्वजांच्या अंकांच्या झेरॉक्स त्याच्या कपाटात वरच्या कप्प्यात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेल्या आहेत. फिकट अक्षरं, एका बाजूला कललेल्या ओळी, कुठे शाई जास्त, कुठे पत्ताच नाही. त्याला हे सगळं शैली वाटतं. माझ्या मते ती ऐपत होती. मेणकागदाच्या स्टेन्सिलवर टाइप करायचं, रूळ फिरवायचा, प्रती वाढत गेल्या की व आणि ब यांची पोटं शाईने भरायची. पण छापखान्याची पायरी न चढता, कुणाची परवानगी न घेता, उद्या सकाळी अंक हातात यायचा. त्या पोरांना कविता बाहेर काढायची घाई होती, आणि घाईचे डाग पानावर उमटले. आमचा माणूस तेच डाग संगणकावर एकेक करून बसवतो. जुन्या सायक्लोस्टाइलच्या शाईचा तो काळा नेमका यावा म्हणून चार रंगांत छापतो. गरिबी दिसावी म्हणून केलेला हा खर्च एखाद्या गुळगुळीत दिवाळी अंकापेक्षा जास्त होतो. कल्याणला एका गोष्टीचं मला फार सुख झालं. प्रकाशनाला आलेल्या एका निवृत्त आजोबांनी सरकारी कचेरीत वर्षानुवर्षं सायक्लोस्टाइलचं यंत्र फिरवलं होतं. त्यांनी अंक हातात घेतला, उजेडात धरला, डागांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "आमच्याकडे असं निघालं असतं तर साहेबाने मेमो दिला असता."

त्याचं पहिलं प्रेम मात्र कोऱ्या जागेवर. चार ओळींची कविता असेल तर तिला आख्खं पान, आणि ती पानाच्या तळाशी, जिथे बाकीच्या मासिकांत पानाचा आकडा असतो. पानाला आकडा नसतोच. 'अक्षराला श्वास घ्यायला जागा हवी,' असं तो म्हणतो, आणि ते तो डोंबिवली पूर्वेच्या ज्या घरात बसून म्हणतो, ते घर वन बीएचके आहे. त्यात चार माणसं, एक शिलाई मशीन आणि न खपलेले सगळे अंक राहतात. इथे माणसं कार्पेट आणि बिल्टअपच्या हिशेबावरून बिल्डरशी कोर्टात भांडतात. वहिनी एकदा चहा ठेवता ठेवता मला म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या मित्राला सांगा, त्या पानावर एवढी जागा सोडतात ना, त्यातली दोन फूट कपाटासमोर सोडा म्हणावं. दार अर्धंच उघडतं." तो आतून ओरडला, "अगं, ती जागा रिकामी नाही!" वहिनी म्हणाल्या, "इथलीही नाही. तिथे तुमचे गठ्ठे आहेत."

कवींचं काय होतं, ते बघण्यासारखं असतं. नवा कवी बदलापूर, टिटवाळ्याकडून फोनवर कविता पाठवतो. छापून आली की आईला, आजीला, नाक्यावरच्या मित्रांना दाखवायची, एवढीच त्याची माफक इच्छा. अंकात ती कविता अक्षरागणिक सुटी होऊन पानाच्या कडेने खाली उतरत गेलेली असते, किंवा इतक्या फिकट करड्यात छापलेली असते की आजी दोनदा चष्मा पुसते आणि म्हणते, "बाळा, शाई संपली होती का रे त्यांची?" एका कवीची कविता गोगलगायीच्या आकारात गोल गोल फिरवली होती. त्याने ती एका कविसंमेलनात थेट अंकातून वाचायला घेतली. वाचताना तो अंक हातात फिरवत होता, आधी सावकाश, मग आतल्या वेढ्यांत भराभर. मागच्या रांगेतल्या लोकांना वाटलं, हा काही अभिनय आहे. त्या दिवशीचा एकमेव वन्स मोअर त्याला मिळाला.

माझी तक्रार आकाराबद्दल नाही, कारणाबद्दल आहे. कोलटकर स्वतः जाहिरातक्षेत्रातले नाणावलेले डिझायनर. त्यांची इंग्रजी 'जेजुरी' १९७६ साली कवींनीच मिळून चालवलेल्या क्लिअरिंग हाऊसने काढली. त्यात शेवटाकडे कोंबड्यांच्या नाचाची कविता आहे. तिथे शब्द पानभर वरखाली उड्या मारतात, कारण कोंबड्या उड्या मारत असतात. हे मी त्याला सांगतो. तो मान डोलावतो, आणि पुढच्या अंकात वडिलांच्या दहाव्याच्या कवितेतले शब्द उड्या मारायला लागतात. नौपाड्यातल्या एका निवृत्त मास्तरांनी त्याला एकदा सुनावलं, "तुझं हे नवं कसलं? मोरोपंत करून गेले." आणि मग त्यांनी ओठ न टेकवता म्हणायचं निरोष्ठ रामायण, आणि ठरावीक जागची अक्षरं खाली वाचत गेलं की रामाचा जप निघतो ते मंत्ररामायण, अशी पंतांची अक्षरसर्कस उलगडून दाखवली. आठवडाभर हा घुश्शात होता. नंतरच्या अंकात बारामतीचे मोरोपंत मराठीतले पहिले प्रायोगिक मांडणीकार म्हणून छापून आले. उलटे.

अंक छापला जातो ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात. मालक लग्नपत्रिका, औषधांची खोकी आणि सोसायट्यांचे वार्षिक अहवाल छापतात, आणि याचं काम हौस म्हणून घेतात. रंगीत छपाईला चार प्लेटा लागतात: निळी, गुलाबी, पिवळी, काळी. चारही रंग एकमेकांवर नेमके बसले तर अक्षराची कड स्वच्छ येते. केसभर सरकले की कडेने दुसऱ्या रंगाची सावली डोकावते. याला छापखान्यात 'रजिस्टर हललं' म्हणतात, आणि हललेलं रजिस्टर म्हणजे गिऱ्हाइकाशी भांडण. आमच्या माणसाला ते हललेलंच हवं होतं. तीन मिलिमीटर, डावीकडे.

मालकांनी कॅल्क्युलेटर पुढे ओढला. "सर, चुकून हललं तर मी पैसे कमी करतो. मुद्दाम हलवायचं तर जास्त पडतील."

"जास्त का?"

"सारखं बघावं लागणार ना, चूक बरोबर येतेय का ते."

घासाघीस होऊन रक्कम ठरली. याने मशीनपाशी उभं राहून पहिला कागद पास केला, त्यावर सही केली आणि शेवटची गाडी पकडली. रात्रपाळीला मशीनवर जे काका होते, त्यांची या धंद्यात हयात गेलेली. त्यांनी सुरुवातीलाच कागद उचलला, काच लावून कोपऱ्यातल्या जुळणीच्या फुल्या बघितल्या आणि त्यांच्या पोटात धस्स झालं. सही त्यांना दिसली. पण ती सही म्हणजे गिऱ्हाइकाला काही कळत नसल्याचा पुरावा, असा त्यांचा अनुभव सांगत होता. त्यांनी मशीन थांबवलं, चारही प्लेटा जुळवल्या, आणि मालकाचं, दिवसपाळीच्या पोराचं आणि या अनोळखी साहेबाचं नाक वाचवलं.

सकाळी हा पोचला तेव्हा गठ्ठे बांधून तयार होते. अक्षर अन् अक्षर जागच्या जागी. मी सोबत होतो. तो काही न बोलता कागदाच्या रिमावर बसला. काका स्वतः चहा घेऊन आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "साहेब, कुणीतरी प्लेटा वाकड्या लावल्या होत्या. मी कुणाला बोललो नाही. होतं माणसाच्या हातून." त्याने चहा घेतला. थँक्यू म्हणाला. चूक करवून घेण्यासाठी ठरलेली जास्तीची रक्कमही देऊन टाकली, कारण ती कशासाठी होती हे काकांसमोर सांगण्याची त्याची छाती झाली नाही. पुढे एका समीक्षकाने त्या अंकाबद्दल 'शैलीच्या सोसाकडून संयमाकडे' असं लिहिलं. ते कात्रण त्याने जपून ठेवलंय, फक्त कुणाला दाखवत नाही.

फाँटांवरून तर तो घरच्यांशीही भांडतो. श्री-लिपीत आलेला मजकूर युनिकोडमध्ये नेताना जोडाक्षरांचं जे कडबोळं होतं, ते सोडवण्यात त्याच्या रात्री जातात. र. कृ. जोशींचं नाव निघालं की हा कानाच्या पाळीला हात लावतो. सुलेखनकार, दृश्यकविता करणारे कवी, आयआयटीत शिकवलेले. आणि त्यांनीच केलेला 'मंगल' हा देवनागरी फाँट विंडोजबरोबर घरोघरी गेला. पण एवढ्या मोठ्या माणसाचं अक्षर सोसायटीच्या सेक्रेटरीच्या हाती पडलं, हे दुःख त्याला सोसवत नाही. थकबाकीची नोटीस 'मंगल'मध्ये, तीही ताणून ठळक केलेली आणि खाली रेघ मारलेली आली, तेव्हा त्याने पैसे भरले नाहीत. नोटिशीवर लाल पेनाने ओळींमधलं अंतर, समास, अनावश्यक ठळकपणा अशा दुरुस्त्या करून 'पुन्हा मांडून आणावी' असा शेरा मारून ती परत पाठवली. सेक्रेटरींनी दंडासकट नवी नोटीस काढली. अंतर नीट होतं. याने लगेच पैसे भरले.

नाटक तो बघत नाही, पण गडकरी रंगायतनला नियमाने जातो. बाहेरचे बोर्ड बघतो आणि तलावपाळीवर चक्कर मारून परत येतो. कमल शेडग्यांनी काढलेली नाटकांच्या नावांची अक्षरं त्याने वर्तमानपत्रांतून कापून एका वहीत चिकटवली आहेत. ती वही उघडली की हा माणूस एकदम वेगळा होतो. आवाज खाली येतो, मोठे शब्द गळून पडतात. "हे बघ, या वेलांटीत नाटकाचा शेवट सांगून टाकलाय," असं म्हणतो, आणि ते खरंच दिसतं.

जाहिरातींशी त्याचं वैर आहे, पण कागदवाल्याला उधारी मान्य नाही. दिवाळीच्या आधी फडके रोडच्या आसपासच्या दुकानांत तो हात पसरतो आणि वर अट घालतो की जाहिरातीची मांडणी मी करणार. एका पतपेढीचं नाव त्याने इतकं बारीक छापलं की संचालकांनी सभेत भिंग मागवलं. फराळवाल्या काकूंनी मात्र त्याची जिरवली. त्यांनी चकलीचा फोटो दिला होता. याने फोटो टाकून पानभर एकच काळी रेघ गोल फिरवली आणि खाली दुकानाचा फोन नंबर. अंक द्यायला हा भीत भीत गेला. काकूंनी पान लांब धरून बघितलं. "चकली छान उतरलीय हो," त्या म्हणाल्या, "फक्त काटा नाही आला. पीठ सैल भिजलं की असं होतं." इतकी नेमकी समीक्षा त्याच्या कुठल्याही अंकाला कधी मिळाली नव्हती. पुढच्या वर्षी त्याने रेघेला काटे काढले.

जगातल्या घडामोडींची त्याला खडान्‌खडा माहिती. विंडम लुईसचं 'ब्लास्ट' १९१४ साली झगझगीत गुलाबी मुखपृष्ठावर तिरक्या अक्षरांत आलं, इथपासून ते डेव्हिड कार्सनपर्यंत. कार्सन 'रे गन' या मासिकाचा मांडणीकार. १९९४ साली ब्रायन फेरी या गायकाची मुलाखत त्याला कंटाळवाणी वाटली, म्हणून ती त्याने अक्षरांऐवजी चिन्हंच चिन्हं असलेल्या फाँटमध्ये छापली. एकही शब्द वाचता येऊ नये अशी. फास्ट गाड्या पारसिकच्या बोगद्यातून जायच्या त्या काळात ही गोष्ट तो मला नेमकी बोगद्याआधी सांगायला घ्यायचा. बोगदा आला की डब्याबाहेर मिट्ट काळोख, खिडकीकडे बोट दाखवून म्हणायचा, "हे पान बघ. काळं पार कडेपर्यंत, चारी बाजूंनी ब्लीड."

गाडीतल्या भजनी मंडळाने त्याच्याकडे एक काम आणलं, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. मंडळाची जुनी पुस्तिका बारीक टाइपाची, डब्यातल्या उजेडात बुवांना दिसेना. बुवा म्हणाले, "साहेब, तुम्ही छापता ना काहीतरी? मग एवढं करा." त्याने मागितला महिनाभर वेळ. पुस्तिका आली ती तळहाताएवढी. टपोरं अक्षर, ओळ तुटते ती चालीवर तुटते, कागद चकाकत नाही. एका हातात कडी असणार, म्हणून दुसऱ्या एका हाताने पान उलटेल एवढीच जाडी. आणि खालच्या कोपऱ्यात मोठा समास सोडलेला, कारण तिथे अंगठा येतो. मी म्हटलं, "अरे, हे झकास झालंय!" तो वैतागून म्हणाला, "माहितेय. कुणाला सांगू नकोस." पुस्तिकेवर त्याने नाव घातलं नाही. मंडळाने आणखी प्रती मागवल्या, आगाऊ पैसे दिले, आणि त्या पैशांत रफाराच्या पुढचा अंक निघाला.

उपकाराची फेड म्हणून त्यातला एक अंक त्याने बुवांना दिला. बुवांनी तो भक्तिभावाने उघडला. मधल्या पानावर बदलापूरच्या कवीची कविता होती, दोन दोन शब्द आणि मध्ये हातभर कोरं पान. बुवांनी क्षणभर बघितलं, मृदंगवाल्याला खूण केली आणि मुलुंडच्या आसपास कविता सरळ चालीत उचलली. शब्द आले की गायचे, कोरी जागा आली की थांबायचं आणि मागच्यांनी टाळ वाजवायचे. जागा मोठी तर टाळ जास्त. डबा डोलायला लागला. दारात लोंबकळणाऱ्या एका पोराने दुसऱ्याला विचारलं, हा अभंग कुणाचा रे. मी आमच्या माणसाकडे बघितलं. तो गर्दीतून वाट काढत बुवांकडे निघाला होता, खिशातली स्टीलची पट्टी काढून.

"बुवा, तिसऱ्या ओळीनंतरची जागा अडतीस मिलिमीटर आहे," तो म्हणाला, "आणि तुम्ही चारच टाळ घेतलेत."

बुवांनी पट्टी आपल्या हातात घेतली, पानावर लावली, आणि वरची जागा तीस असताना तिथेही चारच झाले, ते तेव्हा का नाही बोललात, असं विचारलं. यावर दोघांचं जे जुंपलं, त्यात घाटकोपर गेलं, कुर्ला गेलं, आणि दादरला दोघांनाही उतरायचं राहिलं.